चुलीपर्यंत पोहोचलेले अर्थशास्त्र

अर्थशास्त्र हा शब्द उच्चारला की बँका, कारखाने, आयात-निर्यात आणि मोठमोठ्या रकमांचे तक्ते डोळ्यांसमोर उभे राहतात. चुलीपुढे बसून पदराने डोळे पुसणारी स्त्री या तक्त्यांत कोठे आढळत नाही. तिने फुंकणीने फुंकलेला विस्तव, तिच्या छातीत साचत गेलेला धूर आणि तिचा वर्षानुवर्षांचा खोकला यांची नोंद करणारा रकाना हिशेबाच्या वहीत नसतो. हिशेब तपासण्याचे शिक्षण लंडनमध्ये घेतलेला एक मनुष्य भारतातील खेड्यांत आला आणि हिशेबाची वही त्याने घराच्या उंबरठ्याच्या आत नेली. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे त्यांचे नाव. वर्ध्याची मगनवाडी आणि जबलपूरचा मध्यवर्ती तुरुंग ही त्यांच्या आयुष्यातील दोन महत्त्वाची ठिकाणे होत.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका सुशिक्षित तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील सरकारच्या बांधकाम खात्यात अधिकारी होते. घरात शिस्त होती, नीटनेटकेपणा होता आणि इंग्रजी राहणीचे वळणही होते. तरुण जोसेफ लंडनला गेले, तेथे त्यांनी हिशेबतपासनीसाची विद्या संपादन केली आणि पहिले महायुद्ध संपल्यानंतर ते मुंबईत येऊन व्यवसाय करू लागले. व्यवसाय उत्तम चालला होता. तरीही वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १९२७ मध्ये, ते पुन्हा विद्यार्थी झाले व अमेरिकेस गेले. सिरॅक्यूज विद्यापीठात व्यापारशास्त्राचा आणि नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास त्यांनी केला. भारतीय जनतेचे दारिद्र्य आणि सरकारची करपद्धती यांचा संबंध तपासताना त्यांच्या हाती जे लागले, त्याने त्यांचे आयुष्य बदलून टाकले. ब्रिटिश राजवटीविषयी मनात असलेला आदर आकड्यांनीच पुसून टाकला.

मायदेशी परतल्यावर आपला हा प्रबंध प्रसिद्ध व्हावा या हेतूने ते ९ मे १९२९ रोजी साबरमती आश्रमात गेले. अंगात रेशमी सूट, हातात काठी. झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक वृद्ध गृहस्थ सूत कातीत बसले होते. भेटीच्या वेळेला काही मिनिटांचा अवकाश असल्याने कुमारप्पा ते कौतुकाने पाहत उभे राहिले. तेच गांधीजी होत हे ध्यानी येताच ते त्या सूटसकट जमिनीवर बसले. घाईघाईने आणलेली खुर्ची त्यांनी नाकारली. गांधीजींनी प्रबंध ‘यंग इंडिया’त छापण्याचे मान्य केले व गुजरातमधील खेड्यांची आर्थिक पाहणी करण्याची विनंती केली. खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची ही पाहणी म्हणजे कुमारप्पांची खेड्याशी झालेली पहिली खरी ओळख. घरोघरी जाऊन उत्पन्न, कर्ज, जनावरे, अन्न यांची मोजदाद करताना पुस्तकातील दारिद्र्य त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. याच सुमारास त्यांनी कॉर्नेलियस हे आडनाव मागे टाकून कुमारप्पा हे घराण्याचे नाव धारण केले आणि अंगावर खादी घातली. मिठाच्या सत्याग्रहापासून तुरुंगवासही सुरू झाला.

त्यांच्या स्वभावाची ओळख पटविणारी एक हकिकत बिहारमधील आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी तेथे भीषण भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखालील मदत समितीचा हिशेब सांभाळण्याचे काम कुमारप्पांकडे आले. प्रत्येक कार्यकर्त्याच्या जेवणखर्चाला त्यांनी मर्यादा घालून दिली. गांधीजी आपल्या सहकाऱ्यांसह तेथे आले, तेव्हा त्यांच्या मंडळींचा जादा खर्च मदतनिधीतून करण्यास कुमारप्पांनी स्पष्ट नकार दिला. निधी भूकंपग्रस्तांचा होता आणि गांधीजी भूकंपग्रस्त नव्हते, एवढा साधा हा हिशेब होता. गांधीजींना राग आला नाही. उलट अशा मनुष्याच्या हाती मोठे काम सोपवावे असे त्यांना वाटले असावे. कारण त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याच्या कार्यवाहाची जबाबदारी कुमारप्पांवर आली.

संघाचे ठिकाण वर्धा येथे ठरले. जमनालाल बजाज यांनी आपली बाग व घर संघाला दिले. साबरमती आश्रमाचे आधारस्तंभ असलेले मगनलाल गांधी १९२८ मध्ये निवर्तले होते; त्यांच्या स्मरणार्थ या जागेचे नाव मगनवाडी झाले. बैलाच्या घाण्याने तेल काढणे, तांदूळ हाताने सडणे, ताडाचा गूळ, हातकागद, मधमाश्या, साबण, मातीची भांडी असे अनेक उद्योग येथे चालत. ते केवळ चालत नसत, तर तपासले जात. घाण्याला किती श्रम पडतात, सडलेल्या तांदळात पोषक भाग किती उरतो, हे प्रश्न येथे प्रयोगाने सोडवले जात. आयात केलेल्या रॉकेलऐवजी गावातील अखाद्य तेलावर जळणारा ‘मगन दीप’ येथेच तयार झाला. दिव्याइतकीच गरजेची आणि दिव्याहूनही अधिक काळ पेटलेली राहणारी घरातील दुसरी वस्तू म्हणजे चूल. तिच्याकडे मगनवाडीचे लक्ष वळले, यात नवल नाही.

विदर्भातील खेड्यात सरपण म्हणजे मुख्यतः कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, काड्याकुटक्या आणि गोवऱ्या. पावसाळ्यात हे सरपण दमट होते आणि पेटण्याऐवजी धुमसत राहते. मातीच्या साध्या चुलीला धूर बाहेर जाण्याची स्वतंत्र वाट नसते. तो घरात पसरतो, कवेलूंच्या फटींतून सावकाश निघून जातो आणि निघेपर्यंत स्वयंपाक करणारीच्या, तिच्या कडेवरच्या मुलाच्या, कोपऱ्यातील वृद्धाच्या श्वासात शिरतो. भिंती काळ्या होतात त्या दिसतात. फुप्फुसे काळवंडतात ती दिसत नाहीत. शिवाय जळणातील पुष्कळशी उष्णता अन्नाला न लागता वाया जाते, म्हणजे सरपण अधिक लागते आणि ते वेचण्याचे श्रम त्याच स्त्रीच्या वाट्याला येतात.

दिसणाऱ्या धुरापेक्षाही घातक असा एक वायू या धुरात असतो, तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. पुरेशी हवा न मिळता कोणतेही इंधन जळाले की तो निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळ्यांना त्याने पाणी येत नाही, म्हणून तो आहे हे कळतही नाही. लालभडक निखाऱ्यांचा धूर होत नाही, पण हा वायू मात्र त्यांतून भरपूर बाहेर पडतो. श्वासावाटे रक्तात गेल्यावर तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा सुमारे २०० ते २५० पट अधिक घट्ट चिकटतो. रक्त शरीरभर फिरत राहते, परंतु त्याच्यातून पेशींना प्राणवायू मिळत नाही. प्रथम डोके दुखते, मग चक्कर येते, मळमळते, हातापायांतील शक्ती जाते आणि झोपेची गुंगी यावी तसे भान हरपते. झोपलेल्या मनुष्याला तर ही पूर्वसूचनाही मिळत नाही.

या वायूचे शरीरावरील परिणाम नेमकेपणाने मोजणाऱ्यांत जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे. १८९५ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत स्वतःच हा वायू हुंगून आपल्या रक्तात होणारे बदल टिपले. पुढच्या वर्षी वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ जण मरण पावले. मृतदेहांची तपासणी केल्यावर, त्यांतील बहुसंख्य लोक स्फोटाच्या धक्क्याने नव्हे तर या वायूने मेले होते, असे हाल्डेन यांना आढळले. उंदरांसारख्या लहान प्राण्यांवर आणि पक्ष्यांवर त्याचा परिणाम माणसाच्या आधी होतो, म्हणून खाणीत उतरताना ते सोबत न्यावेत, ही सूचनाही त्यांचीच. (त्यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले.) खाणकामगाराच्या हाती पिंजऱ्यातील पक्षी आला, चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रीच्या हाती मात्र तसे काहीच आले नाही. तिचे स्वयंपाकघर ही धोक्याची जागा आहे, असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

मगनवाडीत जी बिनधुराची चूल घडली ती ‘मगन चूल’ या नावाने ओळखली जाते. स्वातंत्र्याच्या सुमारास तिचा प्रसार होऊ लागला. एखाद्या एका संशोधकाच्या नावावर मांडावी अशी ही वस्तू नव्हे. कुमारप्पांनी उभ्या केलेल्या संस्थेच्या कार्यपद्धतीचे ते फळ होते. ती मातीची होती, गावातल्या हातांनी घडवता येत होती आणि तिच्यासाठी बाहेरून फारसे काही आणावे लागत नव्हते. तिची मांडणी साधी आहे. जळण घालण्याचे तोंड एक आणि त्याच विस्तवावर भांडी ठेवण्याच्या जागा एकाहून अधिक. साध्या चुलीलाही वैल असतो, परंतु येथे विस्तवाची धग बंदिस्त मार्गाने एका भांड्याखालून दुसऱ्याखाली जाते आणि शेवटी धुराड्यातून घराबाहेर पडते.

धुराडे हा या चुलीचा प्राण होय. तापलेली हवा हलकी होऊन नळीतून वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. म्हणजे धुराडे धूर बाहेर नेते आणि विस्तवाला श्वासही पुरवते. फुंकणीचे काम पुष्कळसे तेच करते. मात्र हे घडण्यासाठी धुराड्याची जागा विचारपूर्वक ठरवावी लागते. नळी शक्यतो सरळ उभी हवी. प्रत्येक वळणाशी धुराची गती मंदावते आणि काजळी साचते. तिचे टोक छपराच्या आढ्याहून वर गेले पाहिजे. ते खाली राहिले तर छपरावरून उतरणारा वारा धूर परत घरात लोटतो. ते स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर उघडणे म्हणजे एका घरातील विष दुसऱ्या घरात पोहोचवणे. पावसाचे पाणी शिरू नये म्हणून टोकावर टोपी हवी, पण ती इतकी घट्ट नको की धूर कोंडेल. चूल व नळी यांच्या सांध्याला तडा गेला तर तो तत्काळ लिंपावा लागतो. भांडे काढून घेतल्यावर रिकामी राहिलेली जागा झाकावी लागते, अन्यथा धूर जवळची वाट धरतो. ओढ कमी-अधिक करण्यासाठी काही धुराड्यांना झडप असते. विस्तव विझला असे समजून निखारे जिवंत असतानाच ती पूर्ण लावून घेतली, तर बिनवासाचा वायू रात्रभर घरात साचत राहतो. हे सारे लिहायला दोन मिनिटे लागतात. घरोघरी जाऊन समजावून द्यायला एक पिढीही पुरली नाही.

तसा अनुभव पुढे आलाही. हैदराबादचे अभियंते डॉ. एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी धुराड्याच्या चुलीची आपली रचना प्रसिद्ध केली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व २००२ पर्यंत तो चालला. कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या. त्यांतील अनेक थोड्याच वर्षांत निरुपयोगी झाल्या. कोठे नळी काजळीने भरली आणि कोणी ती झाडली नाही, कोठे छप्पर गळते म्हणून नळीच काढून टाकली गेली, कोठे घरच्या भांड्यांच्या आकाराला चुलीच्या जागा जुळल्या नाहीत. वस्तू वाटणे सोपे आणि तिची निगा राखणारा कारागीर गावात तयार करणे अवघड. कुमारप्पांचा भर नेमका या दुसऱ्या गोष्टीवर होता, हे या संदर्भात विसरता येत नाही.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेने स्वयंपाकाचा गॅस असंख्य घरांत पोहोचवला. त्यामुळे धूर कमी झाला, तरी ज्वलनाचा नियम बदलला नाही. जबलपूर शहरातील गोरखपूरसारख्या दाट वस्तीच्या भागात घराला घर लागून असते. जानेवारीत पारा कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो. थंडीच्या दिवसांत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशी ठेवणे, किंवा बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर लावून स्नान करणे, या दोन सवयी उत्तर व मध्य भारतातील शहरांत दर हिवाळ्यात बळी घेतात. लहानशा न्हाणीघरात गीझरची ज्योत तेथील प्राणवायू झपाट्याने संपवते. मग ती अपुरी जळू लागते आणि काही मिनिटांतच कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण धोकादायक होते. गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवणे, त्याची धूरनळी उघड्या आकाशाखाली नेणे, इमारतीच्या ज्या अरुंद शाफ्टमध्ये इतरांच्या खिडक्या उघडतात तेथे तिचे टोक न सोडणे आणि ताजी हवा आत येण्याची झडप कधीही न बुजवणे, हे मगन चुलीचेच नियम होत. हवा बाहेर फेकणारा पंखा लावताना तर अधिक दक्षता हवी. आत येण्यास हवेला दुसरी वाट नसेल तर तो पंखा धूरनळीतील वायूच उलटा खोलीत ओढतो. एकाच घरातील अनेकांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर संशय घ्यावा. दारे उघडून सर्वांना मोकळ्यावर न्यावे, ज्योत बंद करावी आणि रुग्णालय गाठावे. रक्तातील या वायूचे प्रमाण साध्या हवेत निम्मे होण्यास ४ ते ५ तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास तोच काळ सुमारे सव्वा तासावर येतो.

कुमारप्पांच्या चरित्रात जबलपूर आले ते मात्र निराळ्या कारणाने. त्या काळी वर्धा, नागपूर आणि जबलपूर एकाच मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. या प्रांताच्या सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष झाले आणि १९३९ मध्ये समितीने सुमारे ६०० खेड्यांच्या पाहणीवर आधारलेला अहवाल सादर केला. १९४२ च्या आंदोलनानंतर त्यांना अटक झाली व त्यांची रवानगी जबलपूरच्या तुरुंगात झाली. प्रकृती खालावलेली, रक्तदाबाचा विकार जडलेला, अशा अवस्थेत त्यांनी तेथे दोन ग्रंथ लिहिले. एक येशू ख्रिस्ताच्या आचारविचारांवर आणि दुसरा ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’, म्हणजे शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधीजींनी १९४५ मध्ये प्रस्तावना लिहिल्या.

शाश्वततेचा त्यांचा विचार इंधनाच्या उदाहरणाने चटकन कळतो. कोळसा आणि खनिज तेल हे निसर्गाने साठवलेले भांडार आहे. ते वापरू तसे कमी होत जाते आणि उरलेल्यासाठी राष्ट्रे एकमेकांशी झुंजतात. जंगलातील लाकूड, शेतातील काटक्या, वाहते पाणी, जनावराचे बळ हे प्रवाहासारखे आहे. वाढीच्या मानाने वापरले तर ते संपत नाही. समाजाने शक्य तेथे भांडारावरून प्रवाहाकडे यावे, असे कुमारप्पांचे प्रतिपादन होते. प्रवाहाचे इंधनही घरात कोंडून जाळले तर माणसाचा जीव घेते, हे ध्यानात घेतले की मगनवाडीतील चुलीचे स्थान या तत्त्वज्ञानात कोठे आहे ते समजते. पर्यावरण हा शब्द भारतात रुळण्याच्या कितीतरी आधी हे लिहिले गेले होते. तरीही त्यांचे यंत्रयुगाविषयीचे काही निष्कर्ष अति कठोर होते, असे मानणारे अभ्यासक आहेत आणि त्या म्हणण्यात तथ्यही आहे.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या शेतजमीन सुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९४९ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. मोठ्या कारखान्यांना अग्रक्रम देणाऱ्या नियोजनाशी त्यांचे पटले नाही आणि ते त्यांनी लपवलेही नाही. वर्धा जिल्ह्यातील सेलडोह या खेड्यात ‘पन्नई आश्रम’ स्थापून ते शेतीच्या प्रयोगांत रमले. तमिळमध्ये पन्नई म्हणजे शेत. शरीर साथ देईना, तेव्हा ते मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात राहावयास गेले. ते आजन्म अविवाहित राहिले.

आश्रमातील त्यांच्या कुटीत भिंतीवर गांधीजींचे चित्र होते आणि जवळच एका गरीब खेडुताचे. पाहुण्यांना कुतूहल वाटे. पहिले चित्र आपल्या धन्याचे आणि दुसरे धन्याच्या धन्याचे, असे कुमारप्पा समजावून सांगत. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, त्यांचे निधन झाले.